जाते गेले, दळण राहिले

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीच्या जवळ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून पाणचक्की आहे. ती अठराव्या शतकातली. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून शहरापर्यंत आणले, उंच भिंतीवर चढवले आणि तिथून हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोरावर खालचे आडवे चाक फिरते आणि चाकाच्या दांड्यावर बसवलेला वरचा दगड खालच्या दगडावर गरगरतो. दर्ग्यात राहणारे फकीर, शिकायला आलेले विद्यार्थी आणि मुक्कामाला थांबलेले वाटसरू यांना लागणारे पीठ इथे दळले जाई. आज पर्यटक हौदातले मासे पाहतात, भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढतात आणि जुन्या काळच्या कारागिरीचे कौतुक करून निघतात. कौतुक रास्तच आहे. पण ही चक्की पाहताना एक प्रश्न पडायला हवा. माणसाचा हात न लागता पीठ दळणारे यंत्र शहरात पाण्यावर फिरत होते, तेव्हा त्याच शहराच्या घराघरांत पहाटे उठून बाई जात्यावर का बसत होती? आणि पुढची दोनशे वर्षे मराठी मुलखातल्या गावोगावच्या घरांत ती तशीच का बसत राहिली?

एक सरळ उत्तर असे की पाणचक्की खर्चिक होती, आणि दर्ग्याला आश्रय देणारे धनवंत सरदार होते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. दर्ग्यातली वस्ती पुरुषांची होती आणि शेकडो माणसांचे दळण फुकट दळणारे हात तिथे नव्हते, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. हात नव्हते म्हणून पाणी आणावे लागले. घरात हात होते, म्हणून पाणी आणायचा विचार झाला नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. घरकामाला यंत्र कधी मिळते, कोणते मिळते आणि किती मिळते हे त्या कामाच्या कष्टावरून ठरत नसते. ते काम करणाऱ्या हाताला घर काय किंमत देते यावरून ते ठरते. नवे यंत्र घरी आणून चालवून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘यानं काम किती वाचतं?’ दळणाचा इतिहास सांगतो की त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हे काम आजवर कोण करत होते, आणि त्याचे कोणी काही मोजत होते का?

आधी जाते नीट पाहू. खाली रोवलेली तळी आणि तिच्यावर फिरणारी पाळी, असे दोन गोल दगड. मधोमध खीळ. वरच्या दगडाला मधल्या भोकापाशी तोंड, तिथून मूठमूठ दाणे सोडायचे. कडेला लाकडी खुंटा, तो धरून फिरवायचे. एका हाताने खुंटा आणि दुसऱ्या हाताने दाणे. दाणे जास्त पडले तर पीठ जाडेभरडे येते, कमी पडले तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. दोन्ही दगडांच्या आतल्या बाजूला छिन्नीने टाके घातलेले असतात. ते झिजून गुळगुळीत झाले की जाते दळत नाही, नुसते फिरते. मग टाकी लावून घ्यायची. हे काम करत गावोगाव हिंडणाऱ्या टकारी समाजाचे नावच टाकीवरून पडले. या समाजावर इंग्रजी राजवटीत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. घराघरांचे पीठ ज्यांच्या छिन्नीवर अवलंबून होते त्या माणसांची ही गत झाली, ही गोष्ट दळणाच्या इतिहासात एका ओळीतही सहसा येत नाही.

कष्टांचा हिशेब अवघड नाही. माणशी दिवसाला चार भाकऱ्या आणि भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले, तर दहा माणसांच्या घराला रोज चार किलो पीठ लागते. रोज, कारण बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, आणि ज्वारीच्या भाकरीला ताज्या पिठाची चव येते. म्हणून पहाटे, पाणी भरण्याआधी, शेण काढण्याआधी, घर उठण्याआधी दळण. जमले तर दोघी समोरासमोर बसायच्या, कारण दोघींचे हात खुंट्यावर असले की दगड निम्मा हलका होतो. जनाबाईची आख्यायिका इथेच जन्मते. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीला दळू लागायला साक्षात विठ्ठल येतो, अशी ती कथा. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते म्हणून एक जाते आजही दाखवतात. या कथेत देवाने चमत्काराने पीठ पाडून दिले नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. तो समोर बसला आणि त्याने खुंटा धरला. दळणाऱ्या बाईच्या मनात सुटकेचे जे चित्र होते, त्यात दुसरा हात होता. दगड आपोआप फिरावा एवढी अपेक्षा करण्याचे धाडस त्या चित्रातही नव्हते.

यावर पहिला आक्षेप निसर्गाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. हिमालयात गावोगाव पाण्यावर चालणारे घराट होते. तिथल्या बायकांचे श्रमही फुकटच होते, तरीही घराट आले. मग आपल्याकडे ते आले नाहीत याचे कारण श्रमांच्या किमतीत कशाला शोधायचे? सह्याद्रीचे ओढे पावसाळ्यात धो धो वाहतात आणि माघ-फाल्गुनात कोरडे पडतात. बारमाही वाहते पाणी नसेल तर पाणचक्की कशी चालणार? हे मला मान्य आहे. म्हणून पाणी बाजूला ठेवू आणि गोठ्यात जाऊ. बैल तर प्रत्येक खटल्याच्या घरी होते. विहिरीवरची मोट बैल ओढत. तेल्याचा घाणा बैल फिरवे. उसाच्या चरकाला बैल जुंपत. किल्ले, वाडे, देवळे बांधताना चुन्याच्या घाणीत बैल दगडी चाक गोल गोल फिरवत आणि चुना-वाळू बारीक होई. म्हणजे गोल फिरणाऱ्या दगडाखाली वस्तू भरडायची आणि ताकद जनावराची वापरायची, हे तंत्र या मुलखाला पुरते ठाऊक होते. ते तेलाला लावले, रसाला लावले, चुन्याला लावले. रोजच्या पिठाला मात्र लावले नाही. तेल विकले जाई, गूळ विकला जाई, चुन्यावर इमारत उभी राही. पीठ घरात खाल्ले जाई आणि दळणारीला कोणी मोजून काही देत नसे.

ताज्या पिठाची गरज होती, म्हणून मोठ्या प्रमाणावर दळण्यात अर्थ नव्हता, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण पुढे गिरणीने नेमके हेच करून दाखवले. गावात एक यंत्र, आणि ज्याने त्याने आपापले धान्य आपापल्या गरजेप्रमाणे दोन-चार दिवसांनी नेऊन दळून आणायचे. बैलाच्या चक्कीवर हे बसवणे अशक्य नव्हते. ते करावेसे कोणाला वाटले नाही, कारण त्यातून कोणाचे काही वाचत नव्हते. बाईचा वेळ ‘कोणाचे काही’ यात धरलेला नव्हता. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी १९३५ साली युरोपातल्या पाणचक्क्यांबद्दल असाच विचार मांडला होता. पाणचक्कीचे ज्ञान प्राचीन काळापासून होते, पण ती खऱ्या अर्थाने पसरली मध्ययुगात, दळणासाठी गुलाम मिळेनासे झाले तेव्हा. गुलाम आणि गृहिणी यांना मी एका पारड्यात घालत नाही. गृहिणीला घरात मान होता, माया होती, कधी अधिकारही होता. पण श्रमांना मोल नसेल तर यंत्र शोधायची निकड वाटत नाही, हा भाग दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

दळणाला किंमत होती असेही काही कोपरे होते. ते पाहिले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. इंग्रजी तुरुंगांत दळण ही सक्तमजुरी होती. ‘चक्की पिसायला जाणे’ हा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला. सरकारच्या लेखी जी शिक्षा होती, ती बाहेर लाखो घरांत रोजची पहाट होती. दुसरा कोपरा विधवांचा. ‘आईने दळणकांडण करून मुलाला शिकवले’ हे वाक्य किती मराठी चरित्रांत सापडते! नवरा गेलेली, जमीन नसलेली बाई सुखवस्तू घरांचे दळण घेई आणि त्यावर लेकरे वाढवी. मजुरी इतकी थोडी की पोट जेमतेम भरे, पण ते मोल होते. घरच्या बाईने दळले तर कर्तव्य आणि शेजारच्या विधवेने दळले तर मजुरी. दगड तोच आणि पीठही तेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मुलखात देशी यंत्रे बनू लागली, तेव्हाचा क्रम पाहण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे चरक, पंप अशी यंत्रे आली. या उद्योगाचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे आणि क्रमाचा दोष मी त्याच्यावर ठेवत नाही. कारखानदार जे विकले जाईल तेच करणार. शेतकरी नांगराला पैसे मोजायला हळूहळू का होईना तयार झाला, कारण नांगरटीचे उत्पन्न दिसत होते. पण गुरांचा कडबा चिरायला यंत्र आले तेव्हा गुरे राखणाऱ्या घरातली भाकरी हाताने फिरवलेल्या दगडाखालूनच निघत होती, ही नोंद करावीच लागते.

पिठाची गिरणी आली ती मागच्या दाराने. मोठ्या शहरांत ती आधी आली. खेड्यापाड्यांत ती तेलावरच्या इंजिनाबरोबर पोचली. आधी विलायती इंजिने आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिल्यावर इथलीच. इंजिन घेतले जाई विहिरीच्या पाण्यासाठी किंवा धंद्यासाठी. एकदा इंजिन आले की पट्टा चढवून त्यावर दगड फिरवता येत होते. १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, गावोगाव वीज गेली आणि इंजिनाच्या जागी मोटर आली. गिरणीवाल्याने दळणाचा दर लावला. ही घटना मला फार मोठी वाटते. एका पायलीच्या दळणाला अमुक पैसे, हे पहिल्यांदाच गावात सर्वांसमोर ठरले. घरातल्या ज्या कामाला पिढ्यान् पिढ्या आकडा नव्हता त्याला आकडा मिळाला. तो आकडा इतका लहान होता की घराने तो मोजला. त्यामागे दळणारीच्या कष्टांची जाणीव किती आणि स्वस्ताई किती, याचे उत्तर घराघरांत वेगळे असेल.

गिरणीत गेले की काय दिसे? वर पत्र्याचे नसराळे, त्यात धान्य ओतायचे. खाली तोंडाला बांधलेली कापडी सोंड, तिच्यातून डब्यात पडणारे गरम पीठ. भिंती, छत, गिरणीवाल्याच्या भुवया सगळे पांढरे. तो दोन बोटांत पीठ चोळून दगडांची मिठी कमीजास्त करी. रांगेतल्या बायका आपल्या आधी काय दळले गेले यावर लक्ष ठेवून असत, कारण बाजरीच्या मागून गहू टाकला तर पहिली पसाभर कणीक काळपट येते. उपवासाचे दळण वेगळे, भाजणीचे वेगळे. गिरणीचे पीठ तापते, त्याचे सत्त्व जाते, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. दगड फार जवळ आणले आणि वेग वाढवला की पीठ तापते, हे खरेच आहे. पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने गिरणीने काय नेले आणि काय ठेवले ते पाहू. तिने दगड फिरवणे नेले. धान्य ऊन देऊन वाळवणे, पाखडणे, खडे वेचणे, डब्यात भरणे, डबा डोक्यावर किंवा कमरेवर घेऊन जाणे, रांगेत थांबणे, वीज गेली तर परत येणे, घरी आल्यावर चाळणे, हे सगळे घराकडेच ठेवले. त्यातले दळण नेण्या-आणण्याचे काम पुढे मुलांवरही आले आणि सायकलीच्या मागे अडकवलेला डबा हे गावातले नेहमीचे दृश्य झाले. बाकीची कामे बाईची होती ती बाईकडेच राहिली. ज्या भागावर धंदा होऊ शकत होता तो यंत्राने उचलला.

गिरणीला सर्वांत गंभीर विरोध महाराष्ट्राच्या भूमीवरूनच झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले आणि गांधीजींनी हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा आग्रह धरला. त्यांचा युक्तिवाद दुहेरी होता. गिरणीच्या तांदळातून पोषण जाते आणि गिरणीमुळे गरीब बायकांच्या हातची मजुरी जाते. पहिली गोष्ट विज्ञानाने आधीच दाखवली होती. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आयकमन यांच्या निरीक्षणातून पुढे आले होते. दुसरी गोष्टही खरी होती. दळणकांडणावर जगणाऱ्या विधवेचा आधार गिरणीने काढून घेतला आणि त्याबदल्यात तिला काही दिले नाही. या विरोधाला भाबडेपणा म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. गांधीजी आश्रमात स्वतः दळायला बसत, पुरुषांना बसवत. म्हणजे त्यांच्या कल्पनेतले जाते श्रमांची वाटणी गृहीत धरून होते. पण आश्रमाबाहेरच्या लक्षावधी घरांत कुठल्याही सासऱ्याने वा दिराने खुंटा धरला नाही. वाटणीशिवायचे जाते टिकवा असे म्हणणे म्हणजे एकटीनेच दळत राहा असे म्हणणे, आणि बायकांनी ते ऐकले नाही. जिथे गिरणी आली तिथे जाते हळूहळू अंगणातल्या कोपऱ्यात गेले. सक्ती कोणी केली नव्हती. तो त्यांचा निर्णय होता आणि इतिहासाने त्याचा मान ठेवला पाहिजे.

दुसरा आक्षेप ओव्यांचा. जात्याबरोबर मराठीतली बायकांची सर्वांत मोठी काव्यसंपदा थांबली. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्यांतल्या अनेक ‘पारी’ या संकेतस्थळावर गाणाऱ्यांच्या आवाजात ऐकता येतात. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, आणि नंतरच्या काळात बाबासाहेब आंबेडकरही त्यांत आहेत. हे नुकसान खरे आहे आणि ते हळहळण्यासारखेच आहे. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो, आणि त्यात गाणे आणि श्रम यांचे नाते अचूक पकडले आहे. पण या नात्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घरात बाईला मोकळेपणाने बोलता येईल अशी जागा आणि वेळ दुसरीकडे कुठेच नव्हती, म्हणून सगळे बोलणे पहाटेच्या अंधारात, दगडाच्या घरघरीत, समोर बसलेल्या जिवाभावाच्या बाईपाशी झाले. गिरणीने दगड नेला, तशी समोरची बाईही नेली. वाचलेल्या दोन-तीन तासांत घराने तिला गाण्याची वेगळी जागा दिली असती, तर ओवी थांबण्याचे कारण नव्हते. ते तास दुसऱ्या कामात गेले.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात हाच मुद्दा त्यांच्या समाजाबद्दल सप्रमाण मांडला. घरात यंत्रे आली तशी पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याची कामे सुटली, बाईचे तास फारसे कमी झाले नाहीत, कारण स्वच्छतेच्या आणि स्वयंपाकाच्या अपेक्षा वाढल्या. आपल्याकडेही प्रेशर कुकर आणि मिक्सर यांची वाटचाल याच नजरेने पाहता येते. भारतात कुकरचे मोठे उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा प्रसार झपाट्याने झाला, आणि मला वाटते त्याचे एक कारण रॉकेल आणि गॅस यांना रोख पैसे पडत होते. कुकर इंधन वाचवतो ही गोष्ट महिन्याच्या हिशेबात दिसे. मिक्सरची गोष्ट वेगळी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माधुरी माथुर यांच्या घरचा विलायती मिक्सर आपल्या मसाल्यांच्या वाटणाला टिकला नाही. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंता होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर इथल्या वाटणाला पुरेल अशी मोटर घेऊन नवे यंत्र केले आणि १९६३ मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. ओले खोबरे, भिजलेली डाळ, सुके मसाले यांचा भार परदेशी यंत्राने कधी सोसलाच नव्हता, कारण ते बनवणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात असे वाटण नव्हतेच. यंत्र घडवणाऱ्यापर्यंत बाईच्या कामाची खरी माहिती पोचली की यंत्र कसे सुधारते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. पाटा-वरवंट्यावर बसणारी बाई त्याआधीही हेच सांगू शकली असती. ते ऐकायला घरात अभियंता असावा लागला.

इथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. एवढे सगळे यंत्रांविरुद्ध कशाला? गिरणी, कुकर, गॅस, मिक्सर यांनीच मुलींना शाळेत जायला आणि बायकांना नोकरीला जायला मोकळीक दिली ना? दिली, यात शंका नाही. आईबरोबर पहाटे जात्याला हात लावणारी मुलगी जात्यातून सुटली, ही लहान गोष्ट नव्हे. मी यंत्रांविरुद्ध नाहीच. म्हणणे एवढेच की यंत्राने जी वाट मोकळी केली, ती घराने किती मोकळी ठेवली हे वेगळे मोजावे लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात मोजले तेव्हा देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया दिवसात काही वेळ बिनमोल घरकाम करत होत्या, पुरुष २६.१ टक्के. ते काम करणाऱ्यांत स्त्रियांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. कुकर येऊन साठ वर्षे आणि मिक्सर येऊन छप्पन्न वर्षे झाल्यावरचे हे आकडे आहेत. पाच तासांना एक मिनिट कमी. जात्याच्या काळात ते किती होते याची तुलना करता येत नाही, पण यंत्रांनी काम संपवले असा दावा या आकड्यांपुढे उभा राहत नाही.

शहरी मध्यमवर्गाने या पाच तासांतला एक भाग दुसऱ्या बाईकडे सोपवला. धुणे, भांडी, केर, फरशी. त्या बाईच्या श्रमांना किंमत होती, पण इतकी कमी की यंत्राची गरज भासली नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात व्हायला २००८ साल उजाडले. केर काढणारा गोल यंत्रमानव या शतकाच्या सुरुवातीपासून जगात मिळतो. आपल्याकडे बराच काळ तो कुतूहलाची वस्तू राहिला. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कामाला येणाऱ्या बायकांना सोसायटीच्या दारातून आत येता येईना, आणि त्याच महिन्यांत भांडी धुणाऱ्या यंत्रांना व केर काढणाऱ्या यंत्रांना मागणी वाढली. फरशी पूर्वीइतकीच मळत होती. भांडीही तेवढीच पडत होती. फक्त स्वस्तातला हात दारापर्यंत येत नव्हता, आणि पाणचक्कीच्या दर्ग्यासारखी स्थिती फ्लॅटमध्ये आली होती.

गवत कापणाऱ्या यंत्रमानवाचेही असेच आहे. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणारे असे यंत्र आणले. युरोपात घरामागे हिरवळ असते, माळी परवडत नाही, आणि घरधनी स्वतः गवत कापतो. त्याचा वेळ मोलाचा मानला जातो, म्हणून त्याला यंत्र मिळाले. तिथेही यंत्र सगळे उचलत नाही. बरीच वर्षे त्याला अंगणाभोवती तार पुरून सीमा आखून द्यावी लागे, आणि भिंतीच्या कडेचे गवत शेवटी हातानेच कापावे लागते. महाराष्ट्रातल्या शहरी बागांत तीच हिरवळ राखायला खुरपे घेऊन उकिडव्या बसलेल्या बायकांची रांग असते. तिथे असा यंत्रमानव सहसा दिसत नाही. तो महाग आहे असे सांगतात. त्या बायकांच्या रोजाशी तुलना केली तर तो महाग आहेच.

दळणाकडे परत यायचे तर अलीकडे दगड पुन्हा घरात आला, पण दगड न राहता. घरघंटी म्हणतात ती कपाटाएवढी पेटी. तिच्या अनेक नमुन्यांत आत पोलादी पाती दाणे फोडतात आणि चाळणीतून पीठ खाली पडते. टाकी लावायची गरज नाही, रांग नाही, आधी काय दळले याची चिंता नाही. जिल्हा परिषदांच्या महिला-बालकल्याण योजनांतून शिवणयंत्रांबरोबर पिठाच्या गिरण्याही अनुदानावर दिल्या जातात, आणि त्या घेऊन कित्येक जणी घरबसल्या गल्लीतले दळण घेतात. शंभर वर्षांपूर्वीच्या विधवेचा धंदा असा परत आला आहे, आता विजेवर. दळायला आलेल्या शेजारणी दाराशी थांबतात, पीठ होईपर्यंत बोलतात.

जुने जाते मात्र अजून एका दिवशी निघते. लग्नघरात हळदीच्या आधी ते धुऊन मांडतात, खुंट्याला आंब्याची पाने बांधतात, सुपारी लावतात, मूठभर हळकुंडे किंवा गहू टाकतात. घरात नसेल तर शेजारून, नाहीतर गावाकडून मागवतात. मग पाच सुवासिनी एकत्र खुंटा धरतात, कोणीतरी आजी दोन-चार ओव्या म्हणते आणि दगड फिरतो. एकीने फिरवायच्या दगडाला त्या सकाळी दहा हात लागलेले असतात. लग्नाच्या पुऱ्यांची कणीक तोवर गिरणीतून दळून आलेली असते, आणि ती चाळायला आत कोणीतरी बसलेली असते.